६१ ची बीटल, तिची 'हर्बी' करायचीय – सुरुवात कुठून करू?

वेंगुर्ला_एअरकूल्ड

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आत्याच्या सासरी म्हापशाला एक फोक्सवॅगन बीटल पडून होती, १९६१ चं मॉडेल, गोव्यात पोर्तुगीज असतानाच बोटीने उतरलेली. आतेभावांना तिच्यात काडीचा रस नाही, आते म्हणाली भंगारवाला विचारून गेलाय त्यापेक्षा तूच घेऊन जा, मग काय टेम्पोवर चढवली आणि आणली घरी वेंगुर्ल्याला. इंजिन हाताने फिरतंय, वायरिंग उंदरांनी फस्त केलंय, रंग एकेकाळी हिरवा होता म्हणतात, आता काय आहे ते सांगता येत नाही. ड्रायव्हरच्या बाजूला मॅट उचलली की खालची जमीन दिसते. आणि दार उघडलं की जरा खाली बसतं, उचलून लावावं लागतं.

लहानपणी चुलतभावाकडे व्हीसीआरवर डिस्नेचा 'द लव्ह बग' पाहिलेला तेव्हापासून डोक्यात बसलंय, त्यातली हर्बी नावाची पांढरी बीटल, लाल-पांढरे-निळे पट्टे आणि ५३ नंबर. तर हिची हर्बी करायची हे पक्कं आहे, त्यावर मत नकोय 😄

आता प्रश्न. इथल्या एका पेंटरने सांगितलंय की महिन्याभरात लांबी (पुट्टी) भरून, घासून, पांढरी करून देतो, मे महिन्यात चाकरमानी यायच्या आत तयार. देऊ का त्याच्याकडे? दुसरं म्हणजे सिनेमातल्या गाडीला कॅनव्हासचं सरकतं छप्पर होतं, माझीला साधा टप (पत्र्याचं छप्पर) आहे, तो कापून बसवता येईल का कुणाकडून? आणि पुढे ओएफपी ८५७ ही सिनेमातली प्लेट लावली तर पोलीस अडवतील का?

जुनंलोखंड

मत नको म्हणालास तरी हर्बीला माझं फुल्ल मत आहे 👍 पण पेंटरकडे गाडी आत्ता देऊ नकोस, हात जोडून सांगतो. दार खाली बसतंय हे तू सहज लिहून गेलास पण सगळी गोष्ट तिथेच आहे.

बीटलला ट्रकसारखी शिडीची चॅसी नसते. मधे बोगदा, दोन बाजूंना पत्र्याची तळी, त्यावर बोल्टने बसवलेली बॉडी. आणि दोन्ही दारांच्या खाली पुढून मागे जाणारी पोकळ पेटी असते तिला हीटर चॅनल म्हणतात, थंड देशात इंजिनची गरम हवा तिच्यातून पुढे यायची. आपल्याकडे हीटर कोण लावतोय, पण बॉडीची ताकद त्या पेटीत आहे. ती आतून कुजली की दाराचा पुढचा खांब नि मागचा खांब एकमेकांपासून हलायला लागतात आणि दार बसतं. बिजागरीचा दोषही असू शकतो, तर दार अर्धं उघडून वर-खाली हलवून बघ, बिजागरी खुळखुळली तर नशीबवान आहेस. नाही खुळखुळली तर स्क्रूड्रायव्हर घे आणि चॅनलला खालून टोचत जा, जिथे आत जाईल तिथे खडूने खूण कर. मागच्या सीटखाली उजव्या बाजूला बॅटरी असते, तिथलं तळ अॅसिडने हमखास गेलेलं असतं. पुढे स्टेपनीचा खड्डा बघ, दारांची खालची कड बघ.

पेंटर काय करणार तर या सगळ्यावर लांबी थापणार. वाळवी लागलेल्या तुळईला ऑइलपेंट मारल्यासारखं. दिवाळीपर्यंत पांढऱ्या रंगाखालून तांबडे फोड येतील, आणि हिरव्या गाडीवर गंज खपून जातो, पांढरीवर एकेक ठिपका दिसतो.

क्रम असा ठेव की बॉडी तळावर बोल्ट केलेलीच असू दे. दारांच्या चौकटीत चौकोनी पाइप तिरका टॅक मारून (वेल्डिंगचे ठिपके देऊन) बॉडी आधी बांधून घे, मग एका वेळी एकच बाजू काप. दोन्ही बाजू एकदम कापल्या की बॉडी पसरते, मग कितीही नवीन पार्ट आण, दारं बसत नाहीत. तळाचे नि चॅनलचे तयार पार्ट बाहेरून मागवता येतात, महाग पडतात पण घे, कारण चॅनलला इतके वाक आहेत की गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ते जमत नाहीत. तळाला मात्र १८ गेजचा चांगला पत्रा कापून मारलेला मी पाहिलाय, ठीक होतो. वेल्डिंग एमआयजीच, म्हणजे विजेवरचं तारेचं. गॅसने पत्रा कागदासारखा वळवळतो.

आणि एक, हे कोकणात कुणी सांगत नाही. सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज काढणं) करणार असशील तर तो वाळू कुठली वापरतो ते उभं राहून बघ. किनाऱ्यावरची वाळू असेल तर मीठच पत्र्यात घुसवतोय तो, वर कितीही भारी प्रायमर मार, आतून फुलणार. गार्नेट किंवा कॉपर स्लॅग वापरणारा शोध. ब्लास्ट केलेला उघडा पत्रा आपल्या हवेत रात्रभर ठेवला तर सकाळी लाल झालेला असतो, म्हणून त्याच दिवशी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर. नुसता रेड ऑक्साइड मारून महिनाभर ठेवणारे लोक आहेत, तो प्रायमर हवेतली ओल पिऊन घेतो.

मे विसर. पत्र्याचं काम आत्ता कर, पावसाळ्यात इंजिन-वायरिंग कर, रंग डिसेंबर-जानेवारीत. जून ते सप्टेंबर इथे जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्या हवेत रंग मारला तर पांढरट धुकं धरतो.

पासिंगपुराण

रंग-पत्रा मला कळत नाही, कागद कळतात तर तेवढं लिहितो.

गाडी अजून गोवा पासिंगलाच असणार. तिकडच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी, मग आपल्या एमएच ०७ ला, म्हणजे ओरोसला. आरसी कुणाच्या नावावर आहे? आतेच्या मिस्टरांच्या असेल आणि ते नसतील तर वारसांच्या सह्या आत्ताच गोळा कर, आतेभाऊ आज हसतायत, गाडी चमकली की सह्या महाग होतात.

आता मुद्दा. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, आणि चॅसी, बॉडी शेल, इंजिन यात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. फी २०,०००, दहा वर्षं चालतं, पुढे रिन्यूअलला ५,०००. नंबरात राज्यानंतर व्हीए येतं. पण त्या पासिंगवर गाडी रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, टेक्निकल अभ्यास, पेट्रोल भरणं आणि मेंटेनन्स, एवढ्यासाठीच रस्त्यावर. तुला संध्याकाळी बंदरावर चक्कर मारायची असेल तर साधं पासिंग रिन्यू करत राहणं बरं, ठरव काय ते.

टप कापणार असशील तर व्हिंटेजचा दरवाजा बंद होतो असंच धर. आणि साध्या पासिंगवरही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ बॉडीच्या रचनेत बदल चालणार नाही. रंग बदलणं वेगळं, ते अर्ज करून आरसीवर चढवून घेता येतं, हिरव्याची पांढरी करताना ते विसरू नको.

ओएफपी ८५७ रस्त्यावर अजिबात नाही. एचएसआरपी, म्हणजे हाय-सिक्युरिटी प्लेट लागणारच. प्रदर्शनात उभी असताना वर क्लिपने अडकव, फोटो काढ, काढून डिकीत टाक.

माडाखालचो

रे बाबा सगळे इंजिन नि आरटीओ सांगतत, गाडी उभी खंय केलंस ता कोणी इचारूक नाय. चिऱ्याच्या पडवीत असात तर पावसात जमीन घाम सोडता, खालसून पत्रो कुजता. खाली फळये घालून गाडी उचलून ठेव. वर ताडपत्री गुंडाळू नको, आतल्या आत वाफ धरता, वारो खेळतो रवाक होयो. समुद्रावर नेलंस तर घराक इल्यावर खालसून गोड्या पाण्यान धू, वरसून धुवान काय उपयोग नाय. नि माडाखाली लावू नको. चुडत पडला तर एकवेळ ठीक, नारळ पडलो तर तुझो ५३ नंबर वाचूक टप रवाचो नाय 😂

बॉक्सर१२००

वा, बीटलचा धागा! मी सिनेमाच्या बाजूने लिहितो कारण रेप्लिकामध्ये (सिनेमातल्या गाडीची नक्कल करताना) लोक नको तिथे पैसे घालतात आणि जिथे नजर जाते तिथे चुकतात.

सिनेमातली गाडी १९६३ ची आहे. तुझं नशीब असं की ५८ ते ६४ पर्यंत काचांचा आकार तोच आहे, ६५ पासून काचा मोठ्या झाल्या, त्या गाडीची हर्बी केली की जाणकाराला लांबूनच खटकते. तुझीचा पुढचा चेहरा जवळपास बरोबर आहे. फरक मागे, ६१ ला मागचे दिवे छोटे, ६२ पासून मोठे झाले. म्हणून मागचे मडगार्ड नि दिवे बदलत बसू नकोस मात्र, मूळचे छोटे दिवे आता सहज मिळत नाहीत, ते जप. आत पेट्रोलचा काटा नसेल बघ तुझ्या गाडीला, पायाजवळ रिझर्वची कळ असेल, काटा ६२ ला आला. हेही जप, येणाऱ्या प्रत्येक पोराला ते दाखवण्यात जी मजा आहे ती ५३ नंबरातही नाही.

रंग फोक्सवॅगनचा एल ८७, पर्ल व्हाइट. नावात पर्ल असलं तरी चमचम अजिबात नाही, साधा सपाट रंग आणि दुधासारखा पांढरा नाही, किंचित पिवळसर-करडा. पेंटरला मोबाइलवर फोटो दाखवून रंग काढू नको, कोड दे. दुकानातला तयार शुभ्र पांढरा मारलास तर त्यावरचा पट्ट्यातला पांढरा दिसणारच नाही, सगळा खेळ त्या दोन पांढऱ्यांतल्या फरकाचा आहे.

पट्टे आणि नंबर पेंट करू नको, व्हिनाइलचे स्टिकर लाव. फ्लेक्सवाल्याकडे कटिंग प्लॉटर असतो, तो नंबरामागचा गोल आणि ५३ बिनचूक कापून देतो. नंबर पुढच्या बॉनेटवर, दोन्ही दारांवर, मागे इंजिनच्या झाकणावर. चुंबकाच्या शीटवर करून हवं तेव्हा काढावं असं कुणी सुचवेल, ऐकू नको, त्या शीटखाली खारं पाणी अडकतं आणि महिन्याभरात गोल आकाराचा गंज मिळतो. आतलं सगळं करडं नि मॅट, कारण शूटिंगच्या लाइटची चमक कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून त्यांनी आतून तसं रंगवलेलं. हे काम स्वस्त आहे आणि पाहणारा लगेच ओळखतो. ५३ हा आकडा बेसबॉलच्या डॉन ड्रिसडेलच्या जर्सीवरून घेतलेला, कुणी विचारलंच तर सांगायला.

सिनेमात रेसला वापरलेल्या एका गाडीत पोर्शे ३५६ चं इंजिन होतं. त्या नादाला लागू नको. तुझ्यात ११९२ सीसीचं ३४ हॉर्सपॉवरचं असायला हवं. डायनॅमोचा स्टँड वेगळा बोल्ट केलेला असेल तर ३४ वालं, क्रँककेसबरोबरच (इंजिनच्या मुख्य ओतीव खोक्याबरोबरच) ओतलेला असेल तर कुणीतरी आधीचं जुनं ३० वालं बसवलंय. सेल मारण्याआधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड, दोन दिवस थांब. मग क्रँकची पुली धरून पुढे-मागे ओढून बघ, नुसत्या हाताला ठकठक जाणवली तर इंजिन खोलावंच लागणार. ऑइल फक्त अडीच लिटर बसतं आणि फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, म्हणून ऑइल लवकर लवकर बदल.

सगळ्यात महत्त्वाचं, पेट्रोलच्या नळ्या. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉलने जुनं रबर फुगतं, तडकतं, आणि बीटलमध्ये ती नळी गरम इंजिनच्या डोक्यावर आहे. बीटल जळतात त्या अशाच. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घे, क्लिप नवीन घे.

६ व्होल्टचं काय करणार? माझं मत ६ च ठेव. दिवे मंद वाटतात ते बहुतेक वेळा अर्थिंगमुळे, गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाला अर्थची पट्टी असते ती बदल.

वेंगुर्ला_एअरकूल्ड

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना, आणि माडाखालचो, तुमका खास, गाडी खरंच माडाखालीच होती, दुपारीच हलवली.

@जुनंलोखंड बिजागरी घट्ट आहे. स्क्रूड्रायव्हर डाव्या चॅनलमध्ये तीन ठिकाणी सरळ आत गेला, उजवीकडे वरून तरी ठीक वाटतंय. बॅटरीखालचं तळ नाहीच, तिथे कुणीतरी कधीतरी पत्र्याचा डबा उलगडून रिव्हेट मारलेत, डब्यावरची छपाई अजून वाचता येतेय. पेंटरला नकार कळवला, तो नाराज झालाय.

टप कापत नाही, कागदाचं वाचून हवा गेली. पण छप्पर मनातून जात नाही हो. काही नाटक करता येईल का? आणि रिझर्वची कळ आहे!! काटा नाही!! मला वाटत होतं काटा चोरीला गेलाय.

बॉक्सर१२००

नाटक येतं की. कॅनव्हासचं दिसणारं मॅट टेक्श्चरचं व्हिनाइल मिळतं, छपराच्या त्या भागापुरतं चौकोनात लावायचं, कडेला पातळ काळी पट्टी. दहा फुटांवरून कुणाला कळत नाही. खरं सांगू का, ६३ नंतर कंपनीने स्वतःच कॅनव्हास बंद करून पत्र्याचं सनरूफ दिलं, आणि ते खरं कॅनव्हास तू आपल्या जुलैत उघडं ठेवलं असतंस तर गाडीत मासे सोडता आले असते.

जुनंलोखंड

डब्याचा फोटो टाक, तसले भारी असतात.

चॅनल जोडून झाल्यावर आणि रंग पूर्ण वाळल्यावर पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मार, लांब नळीचा स्प्रे येतो, तो आत घालून फिरवत बाहेर ओढायचा. दारांच्या खालची भोकं रंगाने किंवा लांबीने बुजलेली असतील तर मोकळी कर, पाणी तिथूनच जातं. आणि ऑर्डर देताना चॅनल डावं-उजवं दोन्ही मागव. उजवं वरून ठीक दिसतंय म्हणतोस पण बॅटरी त्याच बाजूला आहे.