जुनी सेप्टिक टँक आणि विहीर, मध्ये नक्की किती अंतर पाहिजे?

नवाघरमालक
नमस्कार मंडळी. जुनं घर घेतलंय, स्वतःची विहीर आहे आणि सेप्टिक टँकही आहे, पण ती कधी बांधली आणि त्यातलं पाणी पुढे कुठे जातं हे आधीच्या मालकांनाही धड सांगता येईना, वडिलांच्या वेळची आहे एवढंच म्हणाले. टँकचं झाकण दिसतंय, तिथून विहिरीपर्यंत पावलांनी मोजलं तर ५५ फुटांच्या आसपास भरतं. एक गवंडी म्हणतो ५० फूट असलं की बिनधास्त राहा, दुसरा म्हणतो १०० च्या आत असेल तर विहीर विसरा. पाणी एकदम नितळ, वास नाही, चवही चांगली. पण घरात चार महिन्यांचं बाळ आहे, त्यामुळे झोप उडालीय. कुठला आकडा धरू?

मुरूम_आणि_माती
दोघंही बरोबर असतील, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टीपासून मोजतायत. बऱ्याच नियमांत टाकीपासून ५० फूट आणि शोषखड्डा (टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) किंवा पाझराच्या नळ्यांपासून १०० फूट असं धरतात, काही ठिकाणी कमी-जास्त. टाकी काय करते, जड मैला खाली बसवते, तेलकट थर वर अडवते आणि मधलं पाणी पुढे सोडून देते. ते पाणी शुद्ध झालेलं नसतं हे लोकांच्या लक्षातच येत नाही, जंतू त्यात भरपूर असतात, खरी सफाई पुढे माती करते. त्यामुळे झाकणापासून मोजून काही कळत नाही, शोषखड्डा कुठेय ते आधी शोधा. तो टाकीच्या पलीकडे असेल तर तुमचे ५५ चे ८० होतील, अलीकडे असेल तर ३० सुद्धा नाहीत.

अजून एक, आडवं अंतर सगळे मोजतात, उभं कोणी मोजत नाही. खड्ड्याचा तळ आणि जमिनीखालचं पाणी यांच्यात निदान दीड-दोन मीटर कोरडी माती पाहिजे, कारण जंतू अडतात आणि मरतात ते मुख्यतः तिथे. भर पावसाळ्यात पातळी वर आली की ती कोरडी माती शिल्लकच राहत नाही आणि घाण थेट पाण्यात मिसळते. विहिरीत पाणी वर आलं की आपण खूश होतो, पण नेमका तोच वाईट काळ.

आणि जुनी टाकी म्हणजे तिला तळ असेलच असं धरून चालू नका. नुसत्या विटा रचलेले बिनतळाचे खड्डे पूर्वी सर्रास करायचे, वर झाकण टाकलं की सगळं सारखंच दिसतं.

कोरडा_बोअर
माझा अनुभव सांगतो. बोअर घेताना शोषखड्ड्यापासून टेप लावून १२० फूट सोडले होते, तरी दुसऱ्याच पावसाळ्यात टेस्ट फेल. कारण वर जेमतेम पाच-सहा फूट माती आणि खाली चिरा पडलेला कातळ. मातीतून पाणी गाळत गाळत जातं, चिरेतून पळतं, मग तुम्ही १०० सोडा नाहीतर ३०० सोडा. त्यात बोअरवाल्याने केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये वरून बसवलेल्या पाईपाच्या, बाहेरची पोकळी सिमेंटने भरलीच नव्हती, वरचं पाणी पाईपाला धरून सरळ खाली. भांडलो, काही उपयोग झाला नाही. शेवटी मीच खर्च करून पोकळी भरून घेतली, वर ओटा केला, केसिंग जमिनीपासून फूटभर वर काढली आणि घट्ट टोपी बसवली. तेव्हा कुठे रिपोर्ट सुधारला. अंतर तेवढंच आहे बरं का अजून.

आडवळण
उगाच घाबरवता राव तुम्ही लोक. आमच्या घरी आड आणि संडासचा खड्डा एकाच आवारात होता, तीन पिढ्या तेच पाणी प्यायल्या, कोणाला काही झालं नाही.

मुरूम_आणि_माती
@आडवळण काका, तीन पिढ्यांत कोणाला जुलाब झालेच नाहीत का झाले ते हवापालटावर घातले? १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी चवीला चांगलं म्हणून लोक लांबून न्यायला यायचे. कॉलऱ्याने शेकडो माणसं गेल्यावर खणून बघितलं तर शेजारच्या घराचा मैल्याचा खड्डा त्या विहिरीपासून तीन फुटांच्याही आत, आणि त्याच्या विटा सुटलेल्या. खड्डा काही त्या वर्षी बांधलेला नव्हता, तोपर्यंत तेही म्हणतच असतील की काही होत नाही. घरात कोणी आजारी नाही तोवर गळका खड्डा निभावून नेतो, एक रोगी पुरतो.

बाटली_नंबर_सात
मी पाणी तपासणीच्या कामात आहे, म्हणून थोडं. ताई/दादा जे असाल, चव आणि नितळपणा सोडून द्या, त्यातून जंतूही कळत नाहीत आणि नायट्रेटही. दोन टेस्ट कराच, एक कोलिफॉर्म-ई. कोलायची (ई. कोलाय म्हणजे मैल्यातले जंतू) आणि दुसरी नायट्रेटची (मैल्यातून पाण्यात विरघळणारा क्षार). ई. कोलाय १०० मिलीमध्ये एकही नको. बाटली लॅबकडूनच घ्या, तोंडाला हात लावू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आणि प्लीज, आदल्या दिवशी विहिरीत ब्लीचिंग टाकून सॅम्पल आणू नका, अशी बरीच माणसं येतात, मग रिपोर्ट छान येतो आणि पाणी तसंच राहतं.

नायट्रेटच्या आकड्यात लोक हमखास फसतात. कुठे मर्यादा १० लिहिलेली असते, कुठे ४५ किंवा ५० मिलिग्रॅम. १० हा नुसत्या नायट्रोजनचा हिशोब, ४५-५० हा अख्ख्या नायट्रेटचा, म्हणजे १० आणि ४५ जवळपास एकच. रिपोर्टवर कुठला आहे ते विचारून घ्या. नायट्रेटला माती अडवत नाही, ते पाण्याबरोबर लांब जातं. खतातूनही येतं म्हणा, त्यामुळे जास्त आलं की सेप्टिकच असं नाही, पण सोबत क्लोराइडही वाढलेलं असेल तर संशय घ्यायला जागा आहे.

एकदा चांगला रिपोर्ट आला म्हणून फाईल बंद करू नका. पहिली टेस्ट आत्ता, दुसरी जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, नंतर वर्षातून एकदा.

नवाघरमालक
सगळ्यांचे आभार, आठ दिवसांनी लिहितोय. संडासातून निघालेल्या पाईपाचा माग काढत गेलो, एके ठिकाणी गवत जरा जास्तच हिरवं होतं आणि जमीन खचल्यासारखी, तिथे हळूहळू उकरलं तर शोषखड्डा सापडला. विहिरीच्या बाजूलाच निघाला, टेपने २४ फूट. रिपोर्ट पण आला, ई. कोलाय आहे, नायट्रेट मर्यादेच्या वर. आता दोन प्रश्न. पाणी उकळून बाळाच्या दुधाला चालेल का तोपर्यंत? आणि शोषखड्डा हलवायचा का विहीर सोडून नवा बोअर घ्यायचा? एक जण म्हणतोय बोअर घ्या आणि जुन्या विहिरीतच सेप्टिकचं पाणी सोडा, खर्च वाचेल.

बाटली_नंबर_सात
बाळाला अजिबात नको!! उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद त्याने कमी होते, अंग निळसर पडतं. बाळासाठी दुसरीकडून तपासलेलं पाणी आणा, आजपासूनच. मोठ्या माणसांनी प्यायचं पाणी पण खळखळून उकळा, किमान एक मिनिट.

मुरूम_आणि_माती
विहिरीत सोडा म्हणणाऱ्याचं बिलकुल ऐकू नका, ते म्हणजे घाण गाळायची माती वगळून सरळ भूजलात नळी घालणं झालं. नवा बोअर घेतलात तरी तो तेच पाणी ओढणार, आणि शेजाऱ्यांचंही जाईल ते वेगळंच.

आधी खड्डा हलवा, विहिरीपासून जितका लांब नेता येईल तितका, जमिनीखालचं पाणी विहिरीकडून पुढे वाहत जातं त्या अंगाला. उतार बहुतेक वेळा दिशा सांगतो पण नेहमी नाही, आसपास अजून दोन विहिरी असतील तर तिन्हींची पातळी एकाच उंचीवरून मोजा म्हणजे अंदाज येतो. जोराचा पंप लावून विहीर उपसलीत की ती चहूबाजूंनी पाणी ओढते, ते पण धरा हिशोबात. नवी बांधून जुनी टाकी बंद करणार असाल तर ती उपसून घ्या, तळ असेल तर फोडा म्हणजे पाणी साचणार नाही, मग वाळू-मुरूम दाबून भरा. झाकणावर कोणी उभं राहू नका, जुनी झाकणं खचतात. आणि आत उतरायचं नाही, कोणालाही उतरवायचं नाही, तिथल्या वायूने मिनिटात माणूस जातो आणि त्याला काढायला उतरलेला पण.

सगळं झालं की विहिरीत क्लोरीन टाकून उपसा, मग टेस्ट. जमिनीत मुरलेलं नायट्रेट मात्र लगेच नाही जाणार, एखाद-दोन पावसाळे रिपोर्ट बघत राहावं लागेल.

आडवळण
आमच्या आडाचं सॅम्पल उद्या देतोय. बाटली लॅबमध्येच मिळते ना?