प्रसिद्धीपत्रकात 'सुरेख संगम' नको, तर मग लिहू काय?

कापूसकोंडी

नमस्कार. मी अमळनेरची. जळगावला विद्यापीठात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि इंटर्नशिपसाठी जळगावातल्याच एका कपड्यांच्या ब्रँडकडे लागले आहे. ब्रँड म्हणजे फुले मार्केटपासून दहा मिनिटांवर एक दुकान, वरच्या मजल्यावर सहा मशिनी आणि इन्स्टाग्रामवर एक पान. नाव मुद्दाम देत नाही. मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणतात, मीही म्हणते.

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, मॅडमनी केळीच्या धाग्याचे स्टोल आणि कुर्ते काढलेत. त्याचं प्रसिद्धीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. वर्गात सहा ककार (कोण, काय, कधी, कुठे, का, कसं) शिकलो, उलटा पिरॅमिड (महत्त्वाचं सगळ्यात वर) शिकलो, परीक्षेत त्यावर चांगले मार्कही पडले. मी लिहिलं ते असं:

"जळगाव (प्रतिनिधी) – परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम साधत, जीआय मानांकनप्राप्त जळगावच्या केळीपासून साकारलेले शंभर टक्के पर्यावरणपूरक असे अनोखे कलेक्शन तरुणाईला भुरळ घालण्यासाठी सज्ज झाले आहे. 'हे कलेक्शन सादर करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे,' असे संचालिका म्हणाल्या."

पुढे अजून चार परिच्छेद आहेत, तेही याच सुरातले. कॅनव्हावर लोगो टाकून सुंदर पीडीएफ केली आणि सात पेपर, दोन पोर्टल्सना पाठवली. एका पोर्टलनं जशीच्या तशी टाकली, माझ्या टायपिंगच्या चुकीसकट. एका पेपरमधून फोन आला, मी खूश, तर समोरून विचारलं, "ताई, जाहिरात किती बाय कितीची देणार?" बाकी सगळीकडे सामसूम.

रात्री आईला फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "यामा नवीन काय शे?"

राग आला, पण उत्तर देता आलं नाही. आखाजीला तीन आठवडे आहेत. नव्यानं लिहून परत पाठवावं का? आणि मुळात चुकलं काय?

फॉल-पिको

ताई, माझं धुळ्यात बुटीक आहे. पत्रकं मला कळत नाहीत, पण गिऱ्हाईक कळतं. तुमच्या मजकुरात भाव कुठाय? साइज कोणकोणते? दुकान किती वाजेपर्यंत उघडं? आणि केळीचं कापड म्हटल्यावर बाई पहिलं विचारणार, धुवायचं कसं, टोचतं का, इस्त्री चालते का. यातलं एकही नाही. भुरळ घालायची असेल तर आधी हे सांगा.

रात्रपाळी

जळगावच्या एका दैनिकात अकरा वर्षं डेस्कवर होतो. आता भुसावळला घरी असतो.

पोरी, आधी ते '(प्रतिनिधी)' काढ. प्रतिनिधी पेपरचा असतो, तुझ्या मॅडमचा नाही. तू स्वतःच ते लिहून पाठवलंस की डेस्कवरच्या माणसाला वाटतं, ही आपल्याला गृहीत धरते आहे. लहान गोष्ट आहे, पण रात्री साडेनऊला लहान गोष्टींचाच राग येतो.

आता संगम. माझ्या टेबलावर दिवसाला तीन-चार सुरेख संगम व्हायचे. साडीचं दुकान, शाळेचं स्नेहसंमेलन, एकदा तर हायवेवरचा ढाबा. ढाब्यात कशाचा संगम होता ते आजवर उमगलं नाही, बहुतेक शेवभाजी आणि पनीरचा असावा. 'सज्ज'चंही तेच. सगळं जग कायम सज्ज असतं, सुरू कधी होतं ते कुणी लिहीत नाही.

डेस्कवर काय चालतं ते सांगतो, म्हणजे उलटा पिरॅमिड परीक्षेपुरता राहणार नाही. संध्याकाळी मेल उघडला की पत्रकांचा ढीग. वाचायच्या त्या पहिल्या दोन ओळी. त्यात मथळा मिळाला तर पत्रक बाजूला ठेवायचं, नाही मिळाला तर पुढचं. मग पान लागताना आत कुठेतरी एका कॉलमची, सव्वाशे शब्दांची जागा उरते. तिथे तुझा मजकूर टाकला जातो आणि जास्तीचा कापला जातो. कात्री खालून चालते. वरून कुणी कापत नाही, मधून तर नाहीच. महत्त्वाचं वर लिहायचं ते एवढ्यासाठी. तुझ्या मजकुराला वरून पाच ओळींवर कात्री लावली तर काय उरतं? संगम, भुरळ आणि मॅडमचा आनंद.

आनंदाचंही बोलून घेतो. मालकांना आनंद होतोच. 'हे उत्पादन सादर करताना आम्हाला काहीच वाटत नाही' असं पत्रक आलं असतं तर मी ते पान एकवर घेतलं असतं. मॅडमना जाऊन विचार की हे करताना काय बिघडलं होतं. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत अवतरणात घाल. त्यांच्या तोंडी स्वतःची वाक्यं घालू नकोस, आणि घातलीस तर त्यांना दाखवल्याशिवाय बाहेर पाठवू नकोस.

पीडीएफ अजिबात नको. त्यातला मराठी मजकूर कॉपी केला की वेलांट्या एकीकडे आणि रफार दुसरीकडे. ते परत टाइप करणारा माणूस आता कुठल्याच ऑफिसात उरलेला नाही. मजकूर मेलमध्येच, युनिकोडमध्ये, साधा. फोटो वेगळा जोड आणि त्याखाली ओळ लिही: फोटोत कोण, काय घातलंय, कुठे काढला. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा टाकला की दबून जातो, छापायला उपयोगाचा राहत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठव.

आणि आखाजीच्या तोंडावर पाठवू नकोस. त्या दोन-तीन दिवसांत जळगावचे पेपर सराफांचे असतात, बातम्या उरलेल्या जागेत राहतात. दहा-बारा दिवस आधी, सकाळी अकराच्या आत.

तुझ्या आईनं विचारलं तेच आमचे वृत्तसंपादक विचारायचे. फक्त ते इतक्या सभ्यपणे विचारत नसत.

पुण्यातला धुळेकर

पीआर एजन्सीत आहे. वरच्या काकांनी बहुतेक सगळं सांगितलंय, मी फक्त धोक्याचं सांगतो.

'जीआय मानांकनप्राप्त जळगावच्या केळीपासून'. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण ते फळाला आहे. धागा फळातून निघत नाही, खांबातून निघतो. फळाचं मानांकन कुर्त्याला लावता येत नाही.

'शंभर टक्के पर्यावरणपूरक'. कशाच्या जोरावर? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे मोघम शब्द वापरायचे तर मागे पुरावा लागतो. धाग्याला रंग कुठला लावला, कापड कुठून आलं, कशात गुंडाळून देता, हे सगळं त्या शंभरात येतं. आमच्याकडे एका क्लायंटचं असंच पत्रक गेलं आणि एका वाचकानं कमेंटमध्ये दोनच प्रश्न विचारले. क्लायंटकडे उत्तर नव्हतं, आमच्याकडेही नव्हतं. पत्रक लिहिलं होतं मी.

'हातमाग'ही कुठे लिहिलं असेल तर तपासा. यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून खपवणारे कमी नाहीत. खऱ्या हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क आहे, तो आहे का विचारा. 'खादी' हा शब्दही खादी आयोगाच्या परवानगीशिवाय ब्रँडिंगला वापरू नका.

आणि मॅडमना हे तीन प्रश्न नक्की विचारा: केळीचा धागा किती टक्के, येतो कुठून, विणलं कुणी.

कापूसकोंडी

विचारलं. सगळं उलटंपालटं झालं.

कापडात केळीचा धागा ३० टक्के आहे, बाकी सूत. नुसता केळीचा धागा ताठ असतो, अंगाला नको वाटतो, म्हणून उभा धागा सुती आणि आडव्यात केळीचा मिसळलेला. हे ठीक आहे. पण धागा जळगावचा नाहीच. तो तमिळनाडूतून येतो, आणि विणूनही तिकडूनच येतो, कापडाचे तागे घेऊनच. इथे फक्त बेतणं आणि शिवणं.

म्हणजे मी सात पेपरना आणि दोन पोर्टल्सना 'जळगावच्या केळीपासून' असं कळवून बसले आहे. मॅडम म्हणाल्या, "मी तुला 'केळीचा धागा' एवढंच सांगितलं होतं. 'जळगावच्या' तूच लावलंस." खरंय. जळगाव आणि केळी, माझ्या हातून आपोआप लिहिलं गेलं.

आता मॅडमचं म्हणणं, धागा कुठला ते लिहूच नको. नुसतं 'केळीचा धागा' ठेव, वाचणारा काय समजायचं ते समजेल.

रात्रपाळी

वाचणारा जळगावचाच समजणार, हे मॅडमना चांगलं माहीत आहे. म्हणून तर त्या गप्प राहा म्हणतात.

पण पोरी, तुझी बातमी आता सापडली. रावेर-यावलकडे घड उतरला की खांब बांधावर टाकतात, नाहीतर ते काढायला शेतकरी पदरचे पैसे मोजतो. आणि त्याच जिल्ह्यातलं दुकान केळीचं कापड तमिळनाडूतून आणतं. मी डेस्कवर असतो तर वार्ताहराला तिथे पिटाळलं असतं.

फॉल-पिको

काका, तुम्ही पेपरचं बघताय. तिला पगार (किंवा जे काय मिळतं ते) मॅडम देतात. दुकानानं स्वतःच छापून आणायचं का, की आमचा माल बाहेरचा? मीही सुरतेहून कापड आणते. पाटीवर लिहीत नाही.

पुण्यातला धुळेकर

लिहू नका, पण धुळ्याचं म्हणूनही विकू नका. फरक तिथे आहे. हिचं पहिलं पत्रक 'जळगावच्या' म्हणून बाहेर गेलेलं आहे, त्यामुळे आता गप्प राहणं म्हणजे ते खोटं चालू ठेवणं.

कापूसकोंडी, तुमच्या अभ्यासक्रमात जनसंपर्कवाला आयव्ही ली असेल. १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा त्यानं कंपनीला लपवाछपवी करू दिली नाही. घडलं ते स्वतः लिहून पेपरांना दिलं. जगातलं पहिलं प्रसिद्धीपत्रक म्हणून तेच सांगितलं जातं. म्हणजे आपला धंदा सुरू झाला तोच अडचणीच्या बातमीवर. स्टोलचं त्यापुढे काय.

आधी त्या पोर्टलला फोन करून 'जळगावच्या' हा शब्द काढायला लावा. बाकी आठही ठिकाणी एका ओळीची दुरुस्ती पाठवा. मग मॅडमना विचारा, इथला धागा का घेत नाही? त्याचं उत्तर त्यांच्याकडे असणार.

कापूसकोंडी

पोर्टलनं दहा मिनिटांत बदललं. पेपरांना दुरुस्ती पाठवली, त्यावर एका ठिकाणाहून "कुठलं पत्रक?" असं उत्तर आलं. म्हणजे कुणी वाचलंच नव्हतं. यावर हसू की रडू कळेना.

मॅडमशी आज तासभर बसले. आधी त्यांना 'तमिळनाडू'ऐवजी 'दक्षिणेतून' हवं होतं. मी म्हटलं, दक्षिण कुठूनही सुरू होते, आपल्या दुकानाची मागची भिंतही दक्षिणेला आहे. त्या हसल्या आणि मग आपणहून बोलायला लागल्या. दोन वर्षं इथे धागा शोधला, नमुने आणले, पण कापडाला लागतो तसा बारीक आणि दर महिन्याला सारखा माल त्यांना मिळाला नाही. तेच अवतरणात घेतलं. काय बिघडलं होतं, तेही विचारलं. आता मजकूर असा आहे:

"जळगाव – केळीच्या खांबापासून काढलेला धागा आणि सूत यांच्या मिश्र कापडाचे स्टोल व कुर्ते आखाजीनिमित्त जळगावात विक्रीला आले आहेत. कापडात केळीचा धागा ३० टक्के व सूत ७० टक्के असून ते तमिळनाडूत विणले जाते. शिवणकाम जळगावातील सहा महिला करतात. स्टोल ८५० रुपयांना, तर कुर्त्या १,४५० रुपयांपासून असून त्या एस ते थ्री एक्सेल मापांत मिळतील.

'पहिला लॉट धुतल्यावर दोन बोटं आखडला. सगळा परत घेतला. आता कापड आधी धुतो, मगच बेततो,' असे संचालिकांनी सांगितले. 'धागा इथलाच घ्यायचा आहे. रावेर, यावलकडे कुणी बारीक धागा दर महिन्याला देणार असेल तर आम्ही पहिला ताण्याएवढा माल आगाऊ पैसे देऊन घेऊ,' असेही त्या म्हणाल्या.

कापड घरी साध्या साबणाने धुता येते, इस्त्री मध्यम ठेवावी. दुकान सकाळी ११ ते रात्री ९ उघडे असते, मंगळवारी बंद."

'आगाऊ पैसे' हे मॅडमचे स्वतःचे शब्द आहेत, मी दोनदा विचारून घेतलं. फोटोत शिवणाऱ्या सहाही जणी आहेत, मॉडेल नाही.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाव जास्त शे."

फॉल-पिको

आई बरोबर आहे. पण स्टोल बघायला मी येणार, मंगळवार सोडून.

रात्रपाळी

आता याला मथळा मिळतो. 'आडव्यात केळीचा' म्हणतेस आणि मॅडम 'ताण्याएवढा' म्हणतात. ताणा उभा असतो आणि तो तुमच्याकडे सुती आहे. कुणी विणकर वाचेल तर हसेल. नुसतं 'पहिला माल' कर, पण मॅडमना विचारून. आणि पहिल्या ओळीत 'कुर्ते' आहे, खाली 'कुर्त्या'. एक काय ते ठरव आणि पाठव.