बॅरेट्स इसोफॅगस : पुढची दुर्बीण तपासणी वर्षाने की तीन वर्षांनी?

घोडबंदर रोड, ठाणे : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. त्यांच्या एंडोस्कोपीच्या अहवालात ‘बॅरेट्स (आम्लामुळे अन्ननलिकेचे अस्तर बदलणे), सी१ एम४’ असा शेरा असून बायोप्सीत अन्ननलिकेच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी आढळल्या. डिस्प्लेसिया (कर्करोगाकडे झुकणारा पेशींतला बदल) मात्र नाही. एक डॉक्टर तीन वर्षांनी बोलावतात, दुसरे वर्षभरात. गोळ्यांनी जळजळ थांबल्यामुळे बाबांचे म्हणणे, “काही होत नाही, तर नळी कशाला घालून घ्यायची?” कोणाचे ऐकावे?

नेरूळ : मी स्वतः या आजाराचा रुग्ण आहे. जळजळ थांबली म्हणजे अस्तर पूर्ववत झाले, असे नव्हे. गोळी आम्ल कमी करते, बदललेले अस्तर बहुधा तसेच राहते. माझ्या एका तपासणीत घाईघाईने दोनच तुकडे घेतले गेले, ‘नमुना अपुरा’ असा अहवाल आला आणि चार महिन्यांनी मी पुन्हा उपाशीपोटी रांगेत बसलो. तेव्हापासून टेबलावर आडवे होण्याआधीच तुकडे किती घेणार, हे विचारतो.

वाशी, पॅथॉलॉजिस्ट : ‘सी१’ म्हणजे अन्ननलिकेचा पूर्ण घेर बदललेला भाग १ सेंटिमीटर, आणि ‘एम४’ म्हणजे जिभेसारखा वर चढलेला सर्वांत लांब पट्टा ४ सेंटिमीटर. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी कॉलेजच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिस्प्लेसिया नसेल आणि ही ‘एम’ लांबी ३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पाच वर्षांनी, ३ किंवा अधिक असेल तर तीन वर्षांनी तपासणी करतात. अशा रुग्णांत कर्करोगाचे वार्षिक प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते, त्यामुळे दर वर्षी नळी घालण्याने फारसे साधत नाही. मात्र हे सारे पुरेशा नमुन्यांवर अवलंबून आहे : दर २ सेंटिमीटरला चारही बाजूंनी एकेक तुकडा, आणि गाठ किंवा व्रण दिसल्यास त्याचा वेगळा. पुढे कधी डिस्प्लेसियाचा शेरा आलाच, तर उपचार ठरवण्याआधी त्याच स्लाइड दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवाव्यात, कारण सूज आलेल्या पेशीही तशाच भासतात. घास अडकणे, वजन घटणे किंवा काळी शौच यांपैकी काही झाल्यास तारखेची वाट पाहू नये.

घोडबंदर रोड, ठाणे : फाइल पुन्हा काढली. ‘बाटली एक, तुकडे तीन’ एवढेच लिहिले आहे.

वाशी, पॅथॉलॉजिस्ट : चार सेंटिमीटरला निदान आठ तरी हवे होते. दुसरे डॉक्टर लवकर बोलावतात ते कदाचित याचसाठी. त्यांना तसे स्पष्ट विचारा.