मदत हवी आहे: जिल्हा धुळे निवडला तरी तालुक्यात रावेर दिसतंय

राम राम मंडळी. मामाचं फैजपूरला केळीच्या टिश्यू कल्चर रोपांचं बुकिंग चालतं, त्याच्यासाठी एक फॉर्म बनवतोय. साधी पीएचपी, साधी जावास्क्रिप्ट. जिल्हा निवडला की खालच्या ड्रॉपडाउनमध्ये त्याच जिल्ह्याचे तालुके यावेत, एवढंच पाहिजे. जिल्ह्याच्या चेंज इव्हेंटवर, म्हणजे निवड बदलली की, आधी तालुक्याची यादी रिकामी करतो, मग फेचने सर्व्हरकडून तालुके मागवतो आणि आले की एकेक ऑप्शन जोडत जातो.

माझ्या लॅपटॉपवर झकास चालतं, मोबाईलवर पण. पण मामाच्या दुकानातला पोरगा भरतो तेव्हा धुळ्याला चारच्या जागी १९ तालुके येतात!! जळगाव निवडला तर बरोबर १५. नंदुरबारला तर २५. परवा एक ऑर्डर जिल्हा धुळे, तालुका रावेर (जो जळगावचा आहे) अशी सेव्ह झाली आणि गाडीवाल्याने फोन करून मामाला विचारलं की शेठ नेमकं जायचं कुठे, तेव्हापासून मामा माझ्याकडे बघून नुसता हसतोय. कॅश साफ केली, ब्राउझर बदलला, दोन रात्री गेल्या. कोणी सांगेल का काय चुकतंय?

दुसरं म्हणजे जुनी ऑर्डर एडिटला उघडली की जावास्क्रिप्टने जिल्हा भरतो, तो दिसतो पण तालुका रिकामाच.

प्रतिसाद

भाऊ, उत्तर तुमच्या आकड्यातच आहे. १५ आणि ४ म्हणजे १९, त्यात नंदुरबारचे ६ टाका, झाले २५. तो पोरगा माउस वापरत नसणार, टॅबने जिल्ह्यावर येऊन खालचा बाण दाबत असेल. यादी न उघडता बाण दाबला की प्रत्येक दाबाला चेंज होतो, म्हणजे धुळ्याला जाताना वाटेत जळगाव लागतं. दोन्ही वेळा यादी रिकामी झाली ती लगोलग, उत्तरं आली मागाहून, आणि दोघांनी आपापले तालुके ओतले.

रिकामी करायची ओळ उत्तर आल्यावर टाकली तर १९ दिसणार नाहीत, पण जळगावचं उत्तर उशिरा आलं तर धुळ्याखाली नुसते जळगावचेच तालुके दिसतील, ते तर अजून वाईट. म्हणून उत्तर आलं की आधी बघा, मागवलेला जिल्हा आणि आत्ता निवडलेला जिल्हा एकच आहे का, नसेल तर टाकून द्या. अबॉर्टकंट्रोलरने आधीची रिक्वेस्ट रद्द पण करता येते.

पण खरं सांगू का, तीन जिल्ह्यांचे मिळून २५ तालुके, त्यासाठी सर्व्हरला कशाला पळवता? पानातच एक ऑब्जेक्ट ठेवा, म्हणजे कोणत्या जिल्ह्याचे कोणते तालुके याची तयार यादी. गावं घ्यायची असली तर फेच लागेल, तेव्हा वरचं करा. आणि सेव्ह करताना पीएचपीत तालुका त्या जिल्ह्यातलाच आहे का ते तपासाच, ब्राउझरच्या भरवशावर राहू नका.

एडिटचं म्हणाल तर जावास्क्रिप्टने व्हॅल्यू बदलली की चेंज इव्हेंट आपोआप होत नाही, तो माणसाने निवडलं तरच होतो. जिल्हा भरल्यावर यादी भरणारं फंक्शन स्वतः बोलवा आणि तालुका त्याच्यानंतर लावा, आधी लावला तर तो ऑप्शनच तिथे नसतो.

धागाकर्ता

भो, खरंच बाणच दाबत होता तो! मी त्याच्या मागे उभा राहून बघितलं, टॅब, बाण, बाण, टॅब, माउस कोपऱ्यात धूळ खात पडलेला. ऑब्जेक्ट केलं, आता धुळ्याला चारच येतात, एडिट पण चाललं. मामाची नवी तक्रार अशी की नंदुरबारमध्ये धडगाव नाही. आता त्याला कोण सांगणार की तालुक्याचं नाव अक्राणी आहे, धडगाव तिथलं मुख्य गाव. व्हॅल्यू अक्राणीच ठेवली, दिसायला 'अक्राणी, धडगाव' केलं.