लॅपटॉप झोपत नाही, झोपला तर बॅगेत उठतो, हायबरनेट तर गायबच

जुळारीण

नमस्कार. नारायण पेठेत एका डीटीपी ऑफिसात बसते, दिवाळी अंकांची पानं लावते. गणपतीच्या आधीपासून माझ्या लॅपटॉपवर इनडिझाइनच्या फायली, प्रूफांच्या पीडीएफ, लेखकांनी वर्डमध्ये पाठवलेल्या कविता असं सगळं उघडंच असतं, आणि मला ते तसंच हवं असतं. सकाळी आल्यावर काल सोडलेल्या ओळीवर कर्सर लुकलुकताना दिसला पाहिजे. त्यामुळे ‘रोज शट डाउन करा’ हा सल्ला कृपया देऊ नये. तो आमच्या मालकांनी देऊन झालाय.

मशीन जुनं आहे, विंडोज १०, रॅम १६ जीबी, एसएसडी मागाहून टाकलेली. ऑफिसात मोठा मॉनिटर जोडून झाकण बंद ठेवूनच काम करते, म्हणून झाकण मिटल्यावर काहीच करू नकोस असं सेटिंग मुद्दाम ठेवलंय.

दुखणं असं: वीस मिनिटं हात लावला नाही तर त्याने झोपायला हवं. जेवून परत येते तेव्हा स्क्रीन काळा असतो, पण पंखा घरघरत असतो आणि पॉवरचा दिवा लुकलुकायच्या ऐवजी स्थिर जळत असतो. म्हणजे डोळे मिटून पडलाय, झोपलेला नाही. संध्याकाळी स्टार्टमधून स्वतः स्लीप दिलं की झोपतो. पण लकडी पूल ओलांडून डेक्कनला मेट्रो पकडायची, वनाजला उतरून घरी जायचं, तेवढ्यात बॅग इस्त्री केल्यासारखी गरम आणि बॅटरी तळाला. हायबरनेट (उघडं काम डिस्कवर जपून मशीन पूर्ण बंद करणारं) वापरावं म्हटलं तर मेन्यूत तो पर्यायच नाही. पूर्वी होता, हे नक्की आठवतंय. गेल्या वर्षी सी ड्राइव्ह भरली म्हणून एका दुकानात मशीन दिलं होतं, त्यानंतर दिसलेला नाही.

हिंजवडीत नोकरी करणारा भाचा म्हणतो, ‘मावशी, फॉरमॅट मार.’ दिवाळी अंक छापखान्यात जाईपर्यंत मी काहीही मारणार नाही.

पेठकर

एसएसडी आहे ना? मग शट डाउन करा. अर्ध्या मिनिटात चालू होतं.

जुळारीण

@पेठकर, वाचून लिहिल्याबद्दल आभार.

कर्वेनगरचा अण्णा

ताई, हे एक दुखणं नाही, तीन आहेत. तिन्हींची औषधंही वेगळी. आधी काही बदलू नका, मशीनला विचारा.

स्टार्टवर उजवी क्लिक करून पॉवरशेल (ॲडमिन) उघडा. ॲडमिन म्हणूनच, नाहीतर उत्तर देणार नाही. मी कमांड देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच रोमन अक्षरांत टाईप करा.

पहिली: पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स. आत्ता या क्षणी मशीनला कोण जागं ठेवतंय ते ही दाखवते. डिस्प्ले, सिस्टीम, अवेमोड अशी डोकी येतात आणि प्रत्येकाखाली नाव नाहीतर ‘नन’. ब्राउझरमध्ये गाणं लागलेलं असेल तर ऑडिओ ड्रायव्हरचं नाव येतं. झोप येत नाही तेव्हाच चालवा, नंतर चालवून उपयोग नाही. या यादीतलं कुणी असेल तर मशीन आपणहून झोपत नाही, पण तुम्ही हाताने स्लीप दिलं की त्यांचं काही चालत नाही. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं, म्हणून माझा संशय इथेच आहे.

दुसरी: पॉवरसीएफजी /लास्टवेक. घरी पोहोचल्यावर, बॅग गरम असेल त्या दिवशी, लगेच चालवा. शेवटचं कुणी उठवलं ते सांगेल.

तिसरी: पॉवरसीएफजी /ए. हे मशीन झोपेचे कुठले प्रकार करू शकतं आणि कुठले का नाही, ते त्यात येतं.

आणि एक प्रश्न. घरी टेबलावर तसाच सोडला तर झोपतो का?

जुळारीण

अण्णा, घरी झोपतो! हे मी कधी ताडून पाहिलंच नव्हतं, कारण घरी आल्यावर मी त्याला चार्जिंगला लावते आणि त्याच्याकडे बघत नाही.

ऑफिसात सिस्टीमखाली ड्रायव्हर म्हणून ‘एसआरव्हीनेट’ येतं, आणि दूरच्या कुणीतरी नुकतीच या मशीनकडे मागणी केली आहे अशा अर्थाची इंग्रजी ओळ. बाकी सगळीकडे नन. लास्टवेकमध्ये यूएसबी आणि माऊसचा उल्लेख आहे. /ए मध्ये स्टँडबाय एस३ (म्हणजे नेहमीची झोप) उपलब्ध, आणि हायबरनेटसमोर ‘एनेबल केलेलं नाही’.

दूरचं म्हणजे कोण? मला हॅक केलंय का?

कर्वेनगरचा अण्णा

हॅक वगैरे काही नाही. दूरचं म्हणजे बहुधा शेजारच्या टेबलावरचं. तुमच्या लॅपटॉपवर एखादं फोल्डर शेअर केलेलं आहे का? एसआरव्हीनेट हा विंडोजच्या फाइल शेअरिंगचा भाग. कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्समध्ये ‘ओपन फाइल्स’ बघा. कुणी कुठली फाइल उघडून बसलंय ते नावासकट दिसेल.

माऊसचं सोपं आहे. वायरलेस माऊसचं डोंगल लॅपटॉपलाच लावून ठेवता आणि माऊस बॅगेत टाकता ना? चालताना माऊस हलला की तो मशीनला उठवतो. शेड्यूल्ड टास्कने (वेळ लावून ठेवलेल्या कामाने) मशीन उठलं तर विंडोज दोनेक मिनिटांत परत झोपवतं, पण माऊस हलला म्हणजे माणूस बसलाय असं धरतं. त्यात तुम्ही झाकणाचं सेटिंग ‘काही करू नको’ ठेवलंय, म्हणजे बंद झाकणानेही त्याला कळत नाही. प्रत्येक धक्क्याला वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या प्रॉपर्टीजमधल्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘या उपकरणाला संगणक उठवू द्या’ची टिक काढा. आणखी कुणाला परवानगी आहे ते पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड सांगेल. झाकणाला मात्र बॅटरीवर असताना स्लीप आणि चार्जरवर असताना काही नाही असं वेगवेगळं ठेवता येतं. ते कराच.

हायबरनेट त्या दुकानाने घालवलंय. रॅममधला मजकूर ठेवायला विंडोज सी ड्राइव्हवर हायबरफिल नावाची फाइल राखून ठेवतं, साधारण रॅमच्या ४० टक्के. तुमच्या १६ जीबीला सहा जीबीच्या पुढे. जागा करायची म्हणून ती उडवणं हा दुकानदारांचा आवडता उपाय, गिऱ्हाइकाला सांगत मात्र नाहीत. सी वर जागा असेल तर पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन. मग कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांनी काय करायचं त्या पानावर ‘सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला’ दाबून हायबरनेटला टिक.

जुळारीण

सापडलं. आमचा मुखपृष्ठवाला. त्याच्या मशीनवर जागा नाही म्हणून सगळी चित्रं माझ्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आहेत आणि तो त्याची फाइल थेट तिथूनच उघडतो. ओपन फाइल्समध्ये त्याच्या नावावर ही भली मोठी यादी. तो जेवायला डबा आणतो आणि जागेवरच खातो, त्यामुळे माझ्या जेवणाच्या वेळी त्याचं काम सुरूच.

माऊसची टिक काढली. हायबरनेट परत आलं, काल त्यातूनच घरी नेला, बॅग थंड. आता एसआरव्हीनेटला गप्प कसं करायचं?

कर्वेनगरचा अण्णा

करता येतं: पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्सओव्हरराइड ड्रायव्हर एसआरव्हीनेट सिस्टीम. मग कुणीही मागणी केली तरी वीस मिनिटांनी मशीन झोपेल. पण मी तुमच्या जागी असतो तर केलं नसतं. तुम्ही जेवायला गेलात की त्याच्या हातातल्या फाइलची चित्रं मध्येच तुटतील, आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची फाइल बिघडली तर तुमच्यात जे भांडण होईल त्याला माझ्याकडे कमांड नाही. मशीन बरोबर वागतंय. तुम्ही लॅपटॉप म्हणून वापरताय, ऑफिस त्याला सर्व्हर म्हणून वापरतंय. चित्रं बंद न होणाऱ्या एखाद्या डेस्कटॉपवर हलवा. मालकांना सांगा, नवीन काही घ्यायचं नाहीये, म्हणजे ऐकतील.

सिंहगड रोड लोकल

नवीन लॅपटॉपवाले हे वाचत असतील तर: तुमच्याकडे /ए मध्ये एस३ बहुधा नसेलच, त्याजागी ‘एस० लो पॉवर आयडल’ असेल. त्यात मशीन पूर्ण झोपत नाही, फोनसारखं अधूनमधून कामं करतं. बॅटरी कुठे गेली ते पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी अहवालात प्रत्येक झोपेगणिक दिसतं. मी तर बॅगेत टाकताना सरळ हायबरनेट करतो.

पेठकर

रोज सहा जीबी एसएसडीवर लिहिणार म्हणजे ती लवकर मरणार. म्हणून म्हणत होतो, शट डाउन.

जुळारीण

@अण्णा, हे खरं आहे का? एसएसडी ५०० जीबीची आहे.

कर्वेनगरचा अण्णा

रोज ६.४ जीबी धरले तरी वर्षाला सव्वादोन टीबीच्या आसपास, आणि लिहिताना विंडोज तो मजकूर दाबून लिहितं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. ५०० जीबीच्या साध्या एसएसडीलाही कंपन्या शंभर टीबीच्या वरच लेखन धरतात. नुसत्या हायबरनेटने संपवायला चाळीसेक वर्षं लागतील, तोवर पेठकर शट डाउन करत असतील. सी वर पंधरा-वीस जीबी मोकळे ठेवा, आणि मशीन पुन्हा दुकानात दिलंत तर हायबरनेटला हात लावायचा नाही म्हणून चिठ्ठी चिकटवून द्या.

जुळारीण

मालक हो म्हणाले. चित्रं रविवारी हलवतोय, मुखपृष्ठवाल्याला सोबत बसवून.