चीनमधल्या हफेय शहरातलं बावगोंग मंदिर कोणी पाहिलंय का?

रामबागवाले: नमस्कार मंडळी. आमची लेक नानजिंगला पीएचडी करून राहिलीये, नोव्हेंबरमध्ये मी अन् ही दहा दिवस तिच्याकडे जाणार. ती म्हणते बाबा हफेयला बाव चंग म्हणजेच बावगोंग नावाच्या जुन्या न्यायाधीशाचं मंदिर आहे, तुम्ही 34 वर्षं सरकारी नोकरी केलीत, तुम्हाला दाखवायचंच. एका मंदिरासाठी अख्खा दिवस घालवावा का? तिथे पूजा असते का, चपला काढायच्या का? दोघंही शाकाहारी आहोत.

छावणीची सून: काका डोळे मिटून जा! ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही तिकडे होतो तेव्हा मी दोनदा गेले. देऊळ असं नाही, आपल्या इंदूरच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या कशा होळकर घराण्यातल्या थोरांच्या स्मरणाला बांधल्यात तसंच, फक्त इथे राजा नाही तर एक सरकारी अधिकारी आहे, हेच मला फार भावलं. बाव चंग 999 ते 1062, चीनच्या सोंग राजवटीतला, हफेयचाच. आपले रामशास्त्री प्रभुणे आठवा, तसा माणूस. त्वानजो नावाच्या गावी अधिकारी असताना तिथल्या प्रसिद्ध, शाई घोटायच्या दगडी दौती आधीचे अधिकारी दरबाराच्या नावावर जास्तीच्या गोळा करून वरच्यांना वाटायचे, ह्याने ठरल्या तेवढ्याच करवून घेतल्या अन् बदली झाल्यावर स्वतः एकही घरी नेली नाही. घरच्यांसाठी तर दगडावर कोरून ठेवलं, की माझ्या वंशात जो नोकरीत लाच खाईल त्याने घरी परत यायचं नाही, मेल्यावर आमच्या स्मशानात जागा नाही, अन् जो हे मानणार नाही तो माझा वंशज नाही. मी तिथे उभी राहून मैत्रिणीकडून ते वाचून घेतलं, काटा आला अंगावर.

सुदामानगर: तिथे तीन मोठी पात्यांची यंत्रं ठेवलीत, ड्रॅगन, वाघ अन् कुत्र्याच्या तोंडाची, राजघराणं, अधिकारी अन् सामान्य माणूस यांना शिरच्छेदाच्या शिक्षेसाठी. पण ती नाटक-गोष्टींतली आहेत हं, इतिहासातली नाही. नाटकात त्याचा चेहरा काळा अन् कपाळावर चंद्रकोर असते.

छावणीची सून: बरोबर. अन् काका विहीर चुकवू नका, वरच्या मंडपाच्या छताला आतून ड्रॅगन कोरलाय तो खाली पाण्यात दिसतो, वाकून बघा. लोक सांगतात की लाचखोराने ते पाणी प्यायलं तर डोकं दुखतं. भोवतालच्या पाण्यातल्या कमळाच्या देठकंदाला तंतू नसतात म्हणे, चिनीत तंतू अन् स्वार्थ दोन्हीचा उच्चार ‘स’सारखा, म्हणून तंतू नाही म्हणजे स्वार्थ नाही!

पलासिया_प्रवासी: नानजिंगहून फास्ट ट्रेनने साधारण तासाभरात पोचाल, पासपोर्ट जवळ ठेवा. चपला काढायच्या नसतात. अलीपे या मोबाईलवरून पैसे द्यायच्या चिनी अ‍ॅपमध्ये कार्ड आधीच जोडून घ्या. मांस, मासे, अंडी, चरबी नको असं लेकीकडून चिनीत लिहून घ्या, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही. मंदिर पार्कातच आहे अन् जवळच बाव चंगची समाधी, तीही बघा, म्हणजे दिवस सहज जातो.

रामबागवाले: सगळ्यांचे मनापासून आभार. दौतीची गोष्ट हिला वाचून दाखवली, ही काहीच बोलली नाही, उठून माझं रिटायरमेंटचं पेन कपाटातून काढून पुसून ठेवलं. जातोय आम्ही. ते घरच्यांसाठी कोरलेलं लेकीकडून शब्दन् शब्द वाचून घेणार.