नव्या रॅकेटला कोणत्या जाडीची तार आणि किती ताण?

प्रश्न (रत्नागिरी)

सर्वांना नमस्कार. बारा वर्षांच्या खंडानंतर मी गेल्या वर्षी पुन्हा टेनिस खेळू लागलो. ऑक्टोबर ते मे या काळात आठवड्यातून तीन दिवस सकाळी सिमेंटच्या कोर्टावर, बहुतेक वेळा दुहेरी, खेळतो. पावसाळ्यात खेळ बंद असतो. आजवर भावाची जुनी रॅकेट वापरत होतो. तिला पॉलिएस्टरची तार ५८ पौंड ताणाने बसवलेली होती आणि फेब्रुवारीपासून माझा उजवा कोपर बाहेरच्या बाजूने दुखू लागला. आता स्वतःची रॅकेट घेतली आहे. तिचे डोके १०० चौरस इंचांचे, वजन तारेविना ३०० ग्रॅम आणि रचना सोळा उभ्या व एकोणीस आडव्या तारांची आहे. चौकटीवर ५० ते ६० पौंड असे छापलेले आहे.

दुकानदारांचे म्हणणे असे की १.३० मिलिमीटरची पॉलिएस्टर तार ५६ पौंडांवर बसवावी, म्हणजे ती लवकर तुटणार नाही. सोबतचे खेळाडू १.२५ घ्यायला सांगतात, कारण तिने चेंडू अधिक फिरतो. पाकिटांवर कुठे १६, कुठे १७ असे गेज लिहिलेले असते. त्यातला मोठा आकडा जाड तारेचा की पातळ तारेचा, हेही मला नीट कळलेले नाही. आमच्याकडे गटिंग, म्हणजे रॅकेटला तार बसवण्याचे काम, करणारे दुकान मुख्यतः बॅडमिंटनचे काम करते, तेव्हा रॅकेट तिथेच द्यावी की कोल्हापूरला पाठवावी? समुद्रकाठच्या दमट हवेने तारेवर काही परिणाम होत असल्यास तेही कृपया सांगावे.

उत्तर १ (वेंगुर्ले)

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी स्वतःच्या आणि मित्रांच्या रॅकेटचे गटिंग घरीच, सरकत्या वजनाच्या यंत्रावर करतो. आपण जाडी आणि ताण यांच्याविषयी विचारले आहे, परंतु कोपर दुखत असताना तार कशाची आहे हे आधी ठरवावे लागते, कारण त्या एका निवडीने जेवढा फरक पडतो तेवढा जाडीतल्या ०.०५ मिलिमीटरने पडत नाही.

पॉलिएस्टर ही ताठर तार आहे. १९९७ साली ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने ती वापरून फ्रेंच ओपन जिंकली आणि त्यानंतर व्यावसायिक खेळाडूंमध्ये तिचा प्रसार झपाट्याने झाला. तिचा खरा गुण असा की ती गुळगुळीत असल्यामुळे चेंडू घासताना उभ्या तारा बाजूला सरकतात आणि लगेच जागेवर परततात, त्यामुळे टॉपस्पिन, म्हणजे चेंडूची पुढच्या दिशेची फिरकी, वाढतो. मात्र हा लाभ मिळण्यासाठी बॅट वेगाने आणि पूर्ण फिरवावी लागते. शिवाय ती न तुटताही निकामी होते: दहापंधरा तासांच्या खेळानंतर तिचा ताण आणि लवचीकपणा बराच उतरलेला असतो आणि चेंडूचा धक्का थेट हाताला बसू लागतो. ‘लवकर तुटत नाही’ हा दुकानदारांचा मुद्दा खरा आहे, पण न तुटलेली जुनी पॉलिएस्टर तार वर्षभर वापरत राहणे हेच अनेकांच्या कोपरदुखीचे कारण असते. आपल्या भावाच्या रॅकेटवरची तार किती जुनी होती, हे एकदा विचारून पाहावे.

आपल्यासाठी मी मल्टिफिलामेंट, म्हणजे नायलॉनच्या शेकडो बारीक तंतूंची मिळून बनवलेली तार सुचवीन. ती मऊ असते. ती महाग वाटल्यास साधी नायलॉनची, ज्याला सिंथेटिक गट म्हणतात ती, चालेल. जनावराच्या आतड्यापासून बनवलेली नॅचरल गट हाताला सर्वांत सुखद असते, परंतु ओलाव्याने ती फुगते आणि तिचे तंतू सुटू लागतात. आपल्या किनाऱ्यावर मी तिच्यासाठी कोणाला पैसे घालायला सांगणार नाही. नायलॉनही थोडा ओलावा शोषतो, पॉलिएस्टर जवळजवळ नाही. म्हणून नायलॉनची तार असलेली रॅकेट घामाच्या कपड्यांसोबत पिशवीत कोंबू नये आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर कोणतीच रॅकेट ठेवू नये, कारण त्या उष्णतेने ताण भरभर उतरतो.

आता जाडी. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार पातळ. १६ म्हणजे साधारण १.३० मिलिमीटर आणि १७ म्हणजे साधारण १.२५, कंपनीनुसार यात थोडा फरक असतो, म्हणून पाकिटावरचे मिलिमीटर वाचावेत. १.३० च्या तारेत १.२५ पेक्षा सुमारे ८ टक्के अधिक द्रव्य असते, आणि तेवढी ती अधिक टिकते. पातळ तार अधिक ताणली जाते, चेंडूला अधिक पकडते आणि लवकर तुटते. तुटते ती बहुधा उभी तार, कारण ती आडव्या तारांवर घासून तिला खाच पडते. सोळा-एकोणीसच्या मोकळ्या रचनेत हे सरकणे जास्त होते, म्हणून पहिली तार १.३० चीच घ्यावी. ती तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर पुढच्या वेळी १.२५ निर्धास्तपणे घ्यावी.

ताणाबाबत एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो: यंत्रावर लावलेला आकडा रॅकेटमध्ये राहत नाही. पहिल्या दिवसभरातच ताणाचा सुमारे दहावा हिस्सा उतरतो आणि पुढेही तो हळूहळू उतरत राहतो. ताण कमी असला की तारांचे जाळे अधिक दबते, चेंडू कमी चेपला जातो आणि त्याची शक्ती वाया न जाता परत मिळते. चेंडू थोडा वरच्या कोनात सुटून खोलवर पडतो. ताण वाढवला की चेंडू आखूड पडतो, त्यालाच आपण नियंत्रण म्हणतो, पण त्या नियंत्रणाची किंमत कोपर मोजतो. मल्टिफिलामेंट ५३ पौंडांवर, म्हणजे २४ किलोवर, बसवून घ्यावी. चेंडू सतत मागच्या रेषेबाहेर जाऊ लागले, तर पुढच्या वेळी दोन पौंड वाढवावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तारखेसह वहीत नोंदवावी, नाहीतर फरक कशाने पडला हे कधीच समजत नाही.

उत्तर २ (चिपळूण)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र पॉलिएस्टरविषयी थोडे वेगळे सांगावेसे वाटते. माझी सोळा वर्षांची मुलगी मातीच्या कोर्टावर खेळते. लाल मातीचे कण तारांच्या मध्ये अडकून कानशीप्रमाणे काम करतात आणि मल्टिफिलामेंट तिच्या हातात दोन आठवडेही टिकत नाही. तिच्यासाठी आम्ही उभ्या तारा १.२५ च्या मऊ पॉलिएस्टरच्या, ४८ पौंडांवर, आणि आडव्या सिंथेटिक गटच्या, ५० पौंडांवर, अशी मिश्र जोडणी करतो. (फेडरर अनेक वर्षे याच्या उलट, उभ्या नॅचरल गट आणि आडव्या पॉलिएस्टर, अशी जोडणी वापरत असे.) पॉलिएस्टर वापरायचीच असेल तर नायलॉनपेक्षा चारपाच पौंड कमी ताणावर वापरावी, ५६ हा आकडा कोणत्याही हौशी खेळाडूसाठी मला चुकीचा वाटतो. आपले कोर्ट सिमेंटचे आहे आणि दुखणे आधीच आहे, म्हणून सध्या मीही मल्टिफिलामेंटच सुचवीन. त्याबरोबर कोपर एकदा डॉक्टरांना अवश्य दाखवावा; केवळ तार बदलून जुने दुखणे बरे होईल असे गृहीत धरू नये.

उत्तर ३ (अलिबाग)

गटिंग कुठे करावे, एवढ्यापुरतेच लिहितो. बॅडमिंटनची तार ०.७० मिलिमीटरच्या आसपास आणि ताण साधारण २० ते ३० पौंडांचा, त्यामुळे त्या कामासाठीच असलेल्या यंत्राचे चिमटे टेनिसची तार एकतर चेपतात किंवा ती त्यांतून निसटते. काही यंत्रे मात्र दोन्ही कामांची असतात. म्हणून दुकानात दोन प्रश्न विचारावेत: यंत्र ६० पौंडांपर्यंत ओढते का, आणि ठरलेला ताण आल्यावर ते ओढत राहते की तिथेच अडकून थांबते? थांबणाऱ्या यंत्रावर तार लगेच सैलावते आणि त्याच आकड्यावर जाळे काही पौंड मऊ होते. ते वाईट नाही, फक्त दर वेळी त्याच यंत्रावर काम करून घ्यावे.

प्रश्नकर्ता (रत्नागिरी)

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. भावाकडे चौकशी केली असता ती तार तीन वर्षांपूर्वीची निघाली. इथल्या दुकानातील यंत्र ३५ पौंडांपर्यंतच जाते, म्हणून येत्या शनिवारी आंबा घाटातून कोल्हापूरला जाणारच आहे, तेव्हा रॅकेट सोबत नेईन आणि १.३० ची मल्टिफिलामेंट २४ किलोवर बसवून घेईन. एकच शंका उरली आहे: जूनपासून चार महिने रॅकेट पडून राहील, तेव्हा तार कापून ठेवावी का?

उत्तर १ (वेंगुर्ले)

कापण्याची गरज नाही. चौकट हा ताण सहन करण्यासाठीच बनवलेली असते. रॅकेट कोरड्या कपाटात ठेवावी आणि ऑक्टोबरमध्ये नवी तार घालावी, कारण तोवर जुनीचा ताण बराच उतरलेला असेल. मात्र खेळताना एखादी तार तुटली, तर उरलेल्या तारा त्याच दिवशी मधल्यापासून कडेकडे, एक उभी एक आडवी अशा क्रमाने कापून टाकाव्यात. अर्धवट ताणाखाली राहिलेली चौकट वाकू शकते.